रंग तुटला की नुसता चिकटला? सच्छिद्र संमिश्र प्रकाशउत्प्रेरकाने रंगीत सांडपाण्यावर प्रयोग कसा करावा

नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा आणि टायटॅनियम डायऑक्साइड (टायटॅनिया, प्रकाश पडला की काम करणारा उत्प्रेरक) यांची एकत्र पूड करायची, ती रंगीत पाण्यात टाकायची, दिवा लावायचा. तासाभरात पाणी नितळ होतं आणि वहीत लिहिलं जातं, ‘९५ टक्के विघटन’. एम.एस्सी.च्या प्रकल्पांत आणि कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या प्रयोगशाळांत हे वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. त्यातला बराचसा रंग कोळशाच्या छिद्रांत जाऊन बसलेला असतो. दिवा लावला नसता तरी तो पाण्यातून गेलाच असता.

छिद्रं वाईट आहेत असं नाही. ती रंगाचे रेणू पकडून टायटॅनियाच्या जवळ आणतात, आणि प्रकाशात तिथं तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल त्या रेणूंना तोडतात. पण पकडणं म्हणजे अधिशोषण आणि तोडणं म्हणजे विघटन. ही दोन कामं वेगळी मोजली नाहीत, तर तुमच्या हातात फक्त एक महागडा कोळसा उरतो. पुढचा सगळा क्रम हा फरक पकडण्यासाठीच आहे. कुठलाही टप्पा गाळू नका, विशेषतः चौथा आणि पाचवा.

उदाहरण म्हणून रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ हा रंग घेतला आहे. सुती कापडावर तो सर्रास वापरतात, त्यामुळे इचलकरंजी-सोलापूरकडच्या रंगाईच्या पाण्याशी त्याचं थेट नातं आहे. कपाटात असते म्हणून मेथिलीन ब्लू उचलू नका. ती धनभारित, तर रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित, त्यामुळे एकीवर चाललेला पदार्थ दुसऱ्यावर चालेलच असं नाही. शिवाय मेथिलीन ब्लू क्षपण होऊन रंगहीन होते आणि हवा लागली की पुन्हा निळी होते. नुसता रंग पाहणारा तिथं हमखास फसतो.

## टप्पा १: सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

कोळसा. बाजारातला दाणेदार सक्रिय कोळसा खलात बारीक करून ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. त्यात राख असते. ती पाण्यात उतरली की पीएच वर चढतो आणि पुढचे सगळे आकडे हलतात. म्हणून विरल हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर ढवळा, मग गरम ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. धुतलेल्या पाण्याचा पीएच ऊर्ध्वपातित पाण्याइतका येईपर्यंत थांबू नका. नंतर ११० अंशांवर रात्रभर वाळवा आणि डेसिकेटरमध्ये ठेवा. उघड्या बाटलीतला कोळसा हवेतला ओलावा ओढतो, आणि वजन करताना तुम्ही पाणीही तोलता.

रंग. बाजारातल्या रिॲक्टिव्ह रंगाच्या पुडीत मीठ आणि इतर भर असते. २० मिलिग्रॅम पूड म्हणजे २० मिलिग्रॅम शुद्ध रंग नव्हे. एकाच डब्यातली पूड शेवटपर्यंत वापरलीत तर तुलनेला बाधा येत नाही, पण प्रकल्प अर्ध्यावर असताना डबा बदलू नका.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रंगाईच्या टाकीतून बाहेर पडतो तो जलापघटित रंग. त्याचे कापडाशी बांधले जाणारे गट पाण्याशीच अभिक्रिया करून बसलेले असतात. ताज्या पुडीचं द्रावण त्याच्यासारखं वागत नाही. सांडपाण्याबद्दल काही म्हणायचं असेल, तर रंगाच्या द्रावणाचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ११ ते १२ करा, ते ८० अंशांवर काही तास ठेवा, थंड करा आणि उदासीन करा. हे साठ्याचं द्रावण एकदाच बनवा आणि काळ्या बाटलीत ठेवा.

दिवा. टायटॅनियाच्या शुद्ध ॲनाटेज या स्फटिकरूपाची बँड गॅप (आतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश हवा. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही-ए दिवा योग्य. पाणी निर्जंतुक करायचा २५४ नॅनोमीटरचा दिवा वापरू नका. तो उत्प्रेरकाशिवायही अनेक रंग थेट तोडतो, आणि डोळ्यांना व त्वचेला फार घातक आहे.

> सावधान: यूव्ही-ए दिव्याकडेही उघड्या डोळ्यांनी पाहू नका. दिवा बंद पेटीत बसवा आणि यूव्ही अडवणारा चष्मा लावा. पेटी उघडण्यापूर्वी दिवा बंद, हा नियम दारावरच लिहून ठेवा.

फिल्टर. नमुन्यातली पूड वेगळी काढायला सिरिंज फिल्टर वापरणार असाल तर आधी त्याची परीक्षा घ्या. १० मिग्रॅ/लिटरचं रंगाचं द्रावण मोजा, फिल्टरमधून काढा, पुन्हा मोजा. नायलॉनचा फिल्टर ऋणभारित रंग चांगलाच धरतो. हा घोटाळा झाला तर ‘विघटन’ फिल्टरमध्येच होतं. फरक २ टक्क्यांहून जास्त आला तर फिल्टर बदला किंवा सेंट्रिफ्यूज वापरा. मला सेंट्रिफ्यूजच जास्त विश्वासाचं वाटतं, मात्र वरचं पाणी उचलताना तळाची पूड हलता कामा नये.

## टप्पा २: संमिश्र तयार करणं

इथं ८० टक्के टायटॅनिया आणि २० टक्के कोळसा असं ५ ग्रॅम संमिश्र करायची रीत दिली आहे. कोळसा जास्त घातला तर अधिशोषण वाढतं, पण काळी पूड प्रकाशच गिळून टाकते आणि टायटॅनिया अंधारात राहतो. सुरुवातीला २० टक्क्यांच्या वर जाऊ नका.

१. १ ग्रॅम सुका कोळसा १०० मिलिलिटर कोरड्या आयसोप्रोपेनॉलमध्ये अर्धा तास ढवळा. छिद्रांतली हवा निघून द्रव आत शिरायला एवढा वेळ लागतो.

२. टायटॅनियम टेट्राआयसोप्रोपॉक्साइड १४.८ मिलिलिटर घ्या. हिशेब असा: ४ ग्रॅम टायटॅनियासाठी हे द्रव्य १४.२ ग्रॅम लागतं, आणि त्याची घनता सुमारे ०.९६ आहे. वेगळ्या कोरड्या बीकरमध्ये त्यात ५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल थेंबाथेंबाने मिसळा. आम्लामुळे पुढचं जलापघटन हळू होतं.

३. हे मिश्रण कोळशाच्या बीकरमध्ये थेंब थेंब सोडा आणि झाकून तासभर ढवळा. ही घाई करण्याची जागा नाही. टायटॅनियमचं द्रव्य छिद्रांच्या तोंडाशी पोचण्याआधी पाणी घातलंत तर टायटॅनिया बाहेरच गोळा होतो आणि कोळशापासून सुटा राहतो.

४. ३० मिलिलिटर आयसोप्रोपेनॉलमध्ये १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी मिसळून ते ब्युरेटमधून अर्ध्या तासात सोडा. मग दोन तास ढवळा आणि झाकून २४ तास मुरत ठेवा.

५. गाळा, आधी आयसोप्रोपेनॉलने आणि मग गरम पाण्याने धुवा. आयसोप्रोपेनॉलची वाफ फ्यूम हूडमध्ये पूर्ण उडू द्या आणि मगच ९० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा.

६. भट्टीत नायट्रोजनच्या प्रवाहात मिनिटाला ३ ते ५ अंशांनी ४५० अंशांपर्यंत न्या आणि दोन तास ठेवा. थंड होतानाही नायट्रोजन चालू ठेवा.

> सावधान: काही ठिकाणी ॲसिटिक आम्लाऐवजी नायट्रिक आम्ल सुचवतात. संहत नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो, टाकाऊ द्रवाच्या बाटलीतसुद्धा. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत हा धोका घेऊ नका.

सगळ्यात जास्त बॅचेस सहाव्या पायरीवर वाया जातात. साध्या मफल भट्टीत, हवेत, ४५० अंशांवर ठेवलं की कोळसा जळतो. बाहेर येते ती करडी-पांढरी पूड, आणि विद्यार्थी तिला ‘संमिश्र’ म्हणत पुढे जातो. नायट्रोजनची सोय नसेल तर पूड झाकणाच्या क्रुसिबलमध्ये भरा, ते क्रुसिबल मोठ्या क्रुसिबलमध्ये कोळशाच्या भुग्यात पुरा आणि मग तापवा. हा उपाय कामचलाऊ आहे, म्हणून त्यानंतर पुढच्या टप्प्यातली कोळशाच्या प्रमाणाची तपासणी टाळू नका.

याच दिवशी, याच रीतीने, कोळसा न घालता टायटॅनियाची एक बॅच करा आणि त्याच भट्टीत तापवा. तुलनेला ती लागणार आहे. बाजारातली पी-२५ ही टायटॅनियाची तयार पूड तिची जागा घेऊ शकत नाही. तिच्यात ॲनाटेज आणि रुटाइल (टायटॅनियाचं दुसरं स्फटिकरूप) साधारण ८० ला २० असतात आणि ती बनतेही वेगळ्या रीतीने.

## टप्पा ३: पूड खरोखर काय आहे याची तपासणी

एक्स-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांनी २५.३ अंशांवर ॲनाटेजचं शिखर दिसलं पाहिजे. २७.४ अंशांवर रुटाइल उगवलं असेल तर भट्टी जास्त तापली. इथं फार वेळ घालवू नका.

हवेत ८०० अंशांपर्यंत उष्माभारमापन (तापवत नेताना वजन मोजत राहणं) करा. पाणी वजा जाता जे जळतं तो कोळसा, जे उरतं तो टायटॅनिया. तुम्ही २० टक्के कोळसा घातला होता आणि निघाला ६, तर इथंच थांबा आणि भट्टीकडे परत जा. पुढचं कुठलंही माप त्या चुकीवर उभं राहू नये.

नायट्रोजन अधिशोषणाने पृष्ठक्षेत्र काढताना संमिश्र, नुसता कोळसा आणि नुसता टायटॅनिया तिन्ही मोजा. संमिश्राचं क्षेत्र दोघांच्या प्रमाणशीर बेरजेपेक्षा खूप कमी आलं, तर टायटॅनियाने छिद्रांची तोंडं बुजवली आहेत.

आता बँड गॅपबद्दल. विसरित परावर्तनाचा आलेख घेऊन, त्यावर टाउक रेषा (जिच्यावरून बँड गॅप वाचतात ती) ओढून, ‘बँड गॅप ३.२ वरून २.१ झाली, म्हणून पदार्थ दृश्य प्रकाशात चालतो’ असं लिहिलेलं फार वेळा दिसतं. काळा कोळसा सगळ्याच तरंगलांबी शोषतो. त्या आलेखातला दृश्य भागातला उंचवटा कोळशाचा आहे. टायटॅनियाची बँड गॅप जिथल्या तिथंच असते. काळ्या संमिश्रासाठी टाउक आलेखावरून असा दावा करूच नका. दृश्य प्रकाशात पदार्थ चालतो का, हे ४२० नॅनोमीटरखालचा प्रकाश कापणारा फिल्टर लावून प्रयोगानेच ठरवा, आणि तोही फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावर. रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषून टायटॅनियाला इलेक्ट्रॉन देऊ शकतो. मग उत्प्रेरकाचं श्रेय कुठलं आणि रंगाचं कुठलं, हे सांगता येत नाही.

## टप्पा ४: अंधारातला प्रयोग

सगळा लेख या टप्प्यासाठी लिहिला आहे, म्हणून इथं सावकाश वाचा.

२५० मिलिलिटर द्रावण घ्या, रंग २० मिग्रॅ/लिटर. संमिश्र ०.१२५ ग्रॅम घाला, म्हणजे मात्रा ०.५ ग्रॅम/लिटर. बीकर ॲल्युमिनियमच्या पत्र्याने पूर्ण गुंडाळा आणि ढवळत ठेवा. पूड घालण्यापूर्वी एक नमुना, मग ५, १५, ३०, ६० मिनिटांनी आणि पुढे दर अर्ध्या तासाने एकेक नमुना काढा.

बहुतेक जण ३० मिनिटं अंधारात ठेवून दिवा लावतात, कारण इतरांनी तसंच केलेलं असतं. साध्या टायटॅनियाला ३० मिनिटं पुरतात. त्याला खोल छिद्रं नसतात. सच्छिद्र कोळशात रंगाचा मोठा रेणू आत सरकत जायला कित्येक तास लागू शकतात. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ चा रेणू तर चांगलाच मोठा आहे, रेणुभार सुमारे ९९२. तीस मिनिटांनी दिवा लावलात की पुढचा तासभर चाललेलं अधिशोषण प्रकाशाच्या नावावर जमा होतं.

किती वेळ थांबायचं हे तुमचा पदार्थच सांगेल. लागोपाठच्या तीन नमुन्यांत फरक २ टक्क्यांच्या आत आला की समतोल झाला असं धरा. चार तास लागले तर चार तास थांबा.

समजा, २० मिग्रॅ/लिटरपासून सुरुवात झाली आणि समतोलाला पाण्यात ११ उरले. म्हणजे ४५ टक्के रंग पुडीवर गेला. मग दिवा लावून ९० मिनिटांनी १.१ उरले. आता ‘९४.५ टक्के विघटन’ लिहायचं नाही. पाण्यातून एकूण निघून गेलेला रंग ९४.५ टक्के. त्यातला ४५ टक्के अंधारात चिकटला. प्रकाशात पाण्यातली संहती ११ वरून १.१ झाली, म्हणजे त्या टप्प्यात ९० टक्के घट. तीन आकडे, तीन वेगळी नावं.

गतीचा स्थिरांक काढतानाही सुरुवातीची संहती ११ धरायची, २० नाही. वरच्या उदाहरणात ११ भागिले १.१ म्हणजे १०, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम २.३०३, भागिले ९० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ०.०२५६. प्रत्यक्षात हे दोन बिंदूंवरून काढू नका. सगळ्या नमुन्यांची रेषा ओढा, आणि ती सरळ येते ना हे डोळ्यांनी पाहा. सुरुवातीला तीव्र उतार आणि नंतर सपाटी दिसली, तर बहुधा समतोल होण्याआधीच दिवा लावला गेला आहे.

> तपासा: पीएच आत्ता किती आहे? पूड घातल्यावर तो बदलतो. टायटॅनियाचा पृष्ठभाग साधारण पीएच ६ ते ६.५ च्या खाली धनभारित आणि वर ऋणभारित असतो, त्यामुळे ऋणभारित रंग आम्लधर्मी पाण्यात खूप चिकटतो आणि अल्कधर्मी पाण्यात ढकलला जातो. पीएच न लिहिलेला अधिशोषणाचा आकडा निरुपयोगी आहे.

## टप्पा ५: तुलनेचे चार प्रयोग

हे मुख्य प्रयोगाच्या आधी करा. नंतर वेळ मिळत नाही आणि मग ते होतच नाहीत.

१. दिवा चालू, पूड नाही. रंग प्रकाशानेच तुटतो का ते कळतं.

२. पूड आहे, दिवा नाही, आणि तो *संपूर्ण* कालावधीसाठी. अंधारातले चार तास अधिक प्रकाशातले दीड तास, म्हणजे साडेपाच तास. समतोल खरा होता की नाही याची ही एकमेव साक्ष. वरच्या उदाहरणात अंधारातला बीकर शेवटी ११ वरून ८ वर आलेला दिसला, तर तुमचा ‘समतोल’ कच्चा होता. मुख्य प्रयोग पुन्हा करा.

३. नुसता टायटॅनिया ०.१ ग्रॅम, दिवा चालू. संमिश्राच्या ०.१२५ ग्रॅममध्ये टायटॅनिया तेवढाच आहे. ०.१२५ घेऊन तुलना केलीत तर संमिश्रावर अन्याय होतो.

४. ०.१ ग्रॅम टायटॅनिया आणि ०.०२५ ग्रॅम कोळसा वेगवेगळे टाकून, दिवा चालू. हा प्रयोग जवळजवळ कुणीच करत नाही. संमिश्र या साध्या भेसळीपेक्षा चांगलं चाललं नाही, तर टप्पा २ मधल्या दोन दिवसांच्या सोल-जेल रीतीचा उपयोग काय झाला? हा प्रश्न परीक्षकाने विचारण्याआधी स्वतःला विचारा.

## टप्पा ६: दिवा लावून मुख्य प्रयोग

पाऱ्याचा दिवा आधी १५ ते २० मिनिटं तापू द्या. थंड दिव्याची तीव्रता वर चढत राहते आणि सुरुवातीचे बिंदू खोटे येतात. दिवा आणि पाण्याचा पृष्ठभाग यांतलं अंतर मोजून लिहा. बीकरभोवती थंड पाण्याचं जॅकेट लावून तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवा.

हवा सोडा. मत्स्यालयाचा साधा हवापंप पुरतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन टायटॅनियावरचे इलेक्ट्रॉन उचलतो. तो कमी पडला की इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या (इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या रिकाम्या जागा) परत एकत्र येतात आणि काम मंदावतं. नुसतं ढवळणं मोठ्या बीकरला कमी पडतं.

नमुना ४ मिलिलिटरचा काढा, आणि ढवळणं चालू असतानाच, पुडीसकट. ढवळणं थांबवून वरचं पाणी उचललंत तर बीकरमधली पुडीची मात्रा दर नमुन्याला वाढत जाते. दहा नमुन्यांत ४० मिलिलिटर जातात, म्हणूनच २५० मिलिलिटरपासून सुरुवात सांगितली. १०० मिलिलिटरच्या बीकरमध्ये शेवटी प्रकाशाचा मार्गच बदललेला असतो.

नमुना लगेच सेंट्रिफ्यूज करा. पूड त्यात राहिली तर टेबलावरच्या उजेडातही अभिक्रिया चालू राहते. आणि पाण्यात उरलेली बारीक पूड प्रकाश विखुरते, त्यामुळे शोषणाचा आकडा फुगतो. ८०० नॅनोमीटरवर रंग जवळजवळ काहीच शोषत नाही. तिथं आकडा शून्यावर नसेल तर नमुना पुन्हा फिरवा.

उन्हात करणार असाल तर. महाराष्ट्रात फेब्रुवारी ते मे ऊन भरपूर असतं, पण ते दर तासाला बदलतं. सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात करा. चारही तुलनेचे बीकर मुख्य बीकरशेजारी, त्याच वेळी, एकाच ट्रेमध्ये ठेवा. काल केलेली तुलना आजच्या उन्हाला लागू पडत नाही. झाकायला काच चालते. पॉलिकार्बोनेटचा पत्रा नको, नेमका लागणारा यूव्ही तो अडवतो. पाण्याची पातळी काचेवर खूण करून ठेवा आणि प्रत्येक नमुन्याआधी उडालेलं पाणी ऊर्ध्वपातित पाण्याने भरून काढा, नाहीतर रंग ‘वाढलेला’ दिसेल. नमुना काढल्यावर नवी खूण करायला विसरू नका.

## टप्पा ७: रंग गेला, रेणू गेला का?

रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ चं शिखर ५९७ नॅनोमीटरच्या आसपास असतं. फक्त तिथंच मोजू नका. प्रत्येक नमुन्याचा २०० ते ८०० नॅनोमीटर पूर्ण आलेख घ्या. ॲझो बंध (रंग देणारा नायट्रोजन-नायट्रोजन बंध) तुटला की ५९७ चं शिखर पडतं, पण बेंझीन-नॅफ्थॅलीन वलयांचं शोषण ३१० च्या आसपास बराच वेळ टिकतं. पाणी डोळ्यांना नितळ आणि आलेखात वलयं शाबूत, ही अवस्था सर्वात फसवी. तुकड्यांमध्ये ॲरोमॅटिक (बेंझीनसारखी वलयं असलेली) संयुगं असू शकतात आणि ती मूळ रंगापेक्षा निरुपद्रवी असतील असं गृहीत धरता येत नाही.

म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन किंवा सीओडी (पाण्यातले पदार्थ रासायनिक रीतीने ऑक्सिडीकृत करायला लागणारा ऑक्सिजन) मोजा. २० मिग्रॅ/लिटर रंगाच्या द्रावणाचा सीओडी इतका कमी असतो की डायक्रोमेटच्या खुल्या रिफ्लक्स पद्धतीत, जिथं ५० मिग्रॅ/लिटरच्या खाली भरवसा उरत नाही, त्याचा आकडा घेण्यात अर्थ नाही. सीओडीसाठी १०० मिग्रॅ/लिटर रंगाचा एक वेगळा, लांब प्रयोग करा. पाण्यात मीठ असेल तर क्लोराइड डायक्रोमेट खातं. त्यासाठी मर्क्युरिक सल्फेट घालतात, आणि ते घातलेला टाकाऊ द्रव सिंकमध्ये नाही, वेगळ्या बाटलीत.

आता पुडीकडे या. प्रयोगानंतर पूड गाळा, पीएच ११ च्या सोडियम हायड्रॉक्साइड द्रावणात दोन तास ढवळा आणि पाण्याचा आलेख घ्या. टायटॅनियावर चिकटलेला रिॲक्टिव्ह रंग असा सुटून येतो. कोळशाच्या खोल छिद्रांतला रंग मात्र सगळा सुटत नाही, त्यामुळे हा आकडा ‘कमीत कमी इतका रंग न तुटता राहिला’ असा वाचायचा. शेजारी अंधारातल्या बीकरची पूडही तशीच धुवा. अंधारातल्या पुडीतून बराच रंग सुटला आणि प्रकाशातल्या पुडीतून जवळजवळ नाही, तर प्रकाशाने छिद्रांतला रंगही तोडला असं म्हणायला आधार मिळतो.

## टप्पा ८: पुन्हा वापर

पाच फेऱ्या करा. प्रत्येक फेरीआधी पूड धुवा, वाळवा आणि तोला. धुताना पूड हरवते. ती तोलली नाही तर मात्रा घटल्याचा परिणाम ‘उत्प्रेरक मंदावला’ म्हणून नोंदला जातो. द्रावण त्याच प्रमाणात कमी घ्या, म्हणजे ०.५ ग्रॅम/लिटर कायम राहील. आणि प्रत्येक फेरीत अंधाराचा टप्पा पुन्हा करा. दर फेरीला अंधारातलं अधिशोषण घटत गेलं आणि प्रकाशातली गती टिकली, तर छिद्रं भरत चालली आहेत पण टायटॅनिया ठीक आहे. उलट झालं तर टायटॅनिया कोळशावरून सुटतोय का ते पाहा.

## टप्पा ९: खऱ्या सांडपाण्याकडे जाताना

रिॲक्टिव्ह रंगाईच्या पाण्यात लिटरला कित्येक ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट), सोडा ॲश आणि १० ते ११ चा पीएच असतो. क्लोराइड आणि कार्बोनेट दोन्ही हायड्रॉक्सिल रॅडिकल खातात. त्यावर डिसायझिंगचा (कापडावरची खळ काढताना सुटलेला) स्टार्च मिसळलेला असेल तर रॅडिकल रंगापर्यंत पोचणारच नाहीत. पाणी गडद असेल तर प्रकाश वरच्या काही मिलिमीटरातच संपतो.

त्यामुळे कच्च्या पाण्यावर ही पद्धत लावू नका. ईटीपीमध्ये (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) जैविक प्रक्रियेनंतर जे फिकट रंगीत पाणी उरतं, तिथं तिची जागा आहे. थेट खऱ्या पाण्यावर उडीही मारू नका. आधी शुद्ध रंग, मग रंग आणि मीठ, मग रंग, मीठ आणि सोडा, आणि मग खरं पाणी. गती नेमकी कुठं कोसळते ते अशानेच कळतं. पीएच ३ वर मिळालेला सुंदर आकडा खऱ्या पाण्यासाठी सांगू नका. एवढं अल्कधर्मी पाणी आम्लात आणायला जे आम्ल लागेल, त्याने पाण्यात आणखी क्षार वाढतील.

विजेचा हिशेब वहीत हवाच. समजा १८ वॅटचा दिवा २ तास चालून २५० मिलिलिटर पाण्यातला रंग दहाव्या भागावर आला. वीज लागली ०.०३६ युनिट. एका घनमीटरला तोच हिशेब लावला तर १४४ युनिट. हा आकडा पाहिला की प्रयोगशाळेतला दिवा कारखान्यात का नेता येत नाही आणि उथळ ट्रेमधलं ऊन का गंभीरपणे घ्यावं लागतं, ते समजतं.

विषारीपणाची साधी चाचणी मुगाच्या बियांवर करता येते: पेट्री डिशमध्ये ओल्या कागदावर बिया, ७२ तासांनी किती रुजल्या आणि मूळ किती वाढलं ते मोजायचं. मूळ पाणी, प्रक्रिया केलेलं पाणी, साधं पाणी, आणि चौथी डिश तेवढंच मीठ घातलेल्या साध्या पाण्याची. ती चौथी विसरलात तर मिठाने मेलेल्या बियांचा दोष रंगाच्या तुकड्यांवर जातो.

> सावधान: प्रक्रिया केलेलं पाणी नितळ दिसलं म्हणून नाल्यात सोडू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली सगळी मापं, क्षारांसकट, तपासल्याशिवाय ते सांडपाणीच आहे.

वापरलेली पूड ओलीच ठेवा, कोरडी उडू देऊ नका. बारीक टायटॅनिया श्वासात जाणं चांगलं नाही. गाळलेल्या पाण्यात पूड राहिली आहे का हे पाहण्यासाठी ते रात्रभर उभ्या सिलिंडरमध्ये ठेवा आणि सकाळी तळाशी करडी रेष दिसली तर पुन्हा गाळा. निकामी पूड लेबल लावलेल्या डब्यात भरा: रंगाचं नाव, फेऱ्यांची संख्या, शेवटच्या फेरीची तारीख. हा डबा घातक कचऱ्यासोबत जातो.